‘ओ’ आणि ‘एच’ची कुळकथा

चार-पाच दिवस ताप हटला नाही की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘विडाल’ उमटतं. संध्याकाळी लॅबचा कागद हातात पडतो : टीओ १:१६०, टीएच १:८०. घरचे आकडे वाचतात, अक्षरांकडे कुणी बघत नाही.

टायफॉइडच्या या तपासणीला मिळालेलं विडाल हे नाव म्हणजे एक आडनाव आहे. फेर्नां विडाल हा अल्जीरियात १८६२ साली जन्मलेला फ्रेंच डॉक्टर. आतड्यातून रक्तात शिरणारा टायफॉइडचा जंतू विडालच्या कामाआधीच ओळखीचा झाला होता. १८८० मध्ये एबर्थने तो पाहिला आणि १८८४ मध्ये गाफ्कीने प्रयोगशाळेत वाढवला. १८९६ मध्ये व्हिएन्नात ग्रुबर आणि डरहॅम यांना दिसलं, की लस टोचलेल्या प्राण्याच्या रक्तातल्या सीरममध्ये त्याच जातीचे जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. अनोळखी जंतूची जात ओळखायला ही युक्ती नामी होती.

विडालने त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रश्नच उलटा केला. जंतू माहितीतला घ्यायचा आणि सीरम तापाने फणफणलेल्या रोग्याचं. गुठळ्या झाल्या, तर ताप मुदतीचा, म्हणजे टायफॉइड! ग्रुबरच्याच प्रयोगशाळेतला ग्रुनबाउमही याच वाटेवर होता. पण विडालचा निबंध आधी आला आणि नाव त्याचं लागलं.

कागदावरची ‘ओ’ आणि ‘एच’ ही अक्षरं आली पहिल्या महायुद्धाच्या काळात. वाइल आणि फेलिक्स ‘प्रोटियस’ नावाच्या जंतूवर काम करत होते. हा जंतू बशीभर असा पसरतो, की काचेवर श्वास सोडल्यावर धुरकट थर धरावा. श्वासाला जर्मनमध्ये ‘हाउख’ म्हणतात. म्हणून थर धरणारा तो ‘एच’. थर न धरणारा ‘ओने हाउख’, म्हणजे श्वासाविना, तो ‘ओ’. पुढे ‘एच’ जंतूच्या शेपट्यांना चिकटला आणि ‘ओ’ त्याच्या अंगाला. परीक्षानळीतही फरक दिसतो : ‘एच’च्या गुठळ्या कापसासारख्या सैल, ‘ओ’च्या रवाळ.

१:१६० म्हणजे सीरम १६० पट पातळ केल्यावरही गुठळ्या झाल्या. पण गुठळ्या घडवणारी रक्तातली प्रतिपिंडं बहुधा दुसऱ्या आठवड्यात वाढतात, त्यामुळे घाईने केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. उलट जुना टायफॉइड, घेतलेली लस, कधी मलेरियासुद्धा तिला पॉझिटिव्ह करतो. खरी रीत दोन नमुन्यांची : साधारण दहा दिवसांच्या अंतराने रक्त घ्यायचं आणि आकडा चौपट झाला का ते पाहायचं. दहा दिवस थांबतो कोण? एकाच नमुन्यावर औषध सुरू होतं.

रक्तातल्या इतर खुणाही पुराव्याला कमीच पडतात. सीआरपी हा दाह दाखवणारा घटक वाढतो, पण तो इतर अनेक संसर्गांतही वाढतो. पांढऱ्या पेशी मात्र टायफॉइडमध्ये अनेकदा वाढण्याऐवजी घटतात.

जंतू प्रत्यक्ष पकडून दाखवतं ते ब्लड कल्चर. अँटिबायोटिक पोटात गेलं, की तेही अनेकदा हुकतं. तेव्हा पुढच्या वेळी चिठ्ठीवर ‘विडाल’ दिसलं, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा : कल्चरसाठी रक्त आत्ताच द्यायचं का?