पहिला टाका

आजी विणकाम शिकवायची तेव्हा सुईवरचा पहिला टाका स्वतः घालून द्यायची. "आता पुढचं तू वीण." डीएनएची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेजचंही तसंच. चालू धागा ते भराभर वाढवतं, पण पहिलं अक्षर काही त्याला मांडता येत नाही! ती सुरुवात बहुधा आरएनएचा छोटा तुकडा करून देतो. तो नंतर काढून टाकतात, आणि डीएनए सरळ असेल तर टोकाशी तेवढी जागा रिकामी राहते. म्हणजे दर नकलेत धागा आखूड.

मग मातीतल्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूवर जगणारा फाज फाय-२९ काय करतो? त्याचा डीएनए सरळच, जेमतेम १९ हजार अक्षरांचा. तरी आखूड होत नाही.

हे कोडं सोडवलं मार्गारीटा सालास यांच्या माद्रिदमधल्या प्रयोगशाळेनं. या फाजचं एक प्रथिन स्वतःच पहिला टाका होतं! त्यातल्या एका सेरीनला पॉलिमरेज पहिलं अक्षर जोडतं आणि तिथून पुढे विणत जातं. प्रथिन टोकाला कायमचं चिकटून राहतं, त्यामुळे एकही अक्षर हरवत नाही.

सालास पीएचडीला गेल्या तेव्हा मार्गदर्शकांनी मुद्दाम बिनमहत्त्वाचा विषय दिला होता. मुलगी आहे, नाही जमलं तरी बिघडत नाही, हा हिशोब. पुढे त्यांनीच तो बोलून दाखवला. १९६७ साली अमेरिकेहून परतल्यावर त्या लोकांच्या लेखी नुसत्या एलादिओ विन्युएलांच्या पत्नी होत्या. १९७०च्या सुमारास विन्युएलांनी फाय-२९ सोडून डुकरांच्या तापाचा विषाणू हाती घेतला. हिचं काम हिच्या नावानं दिसावं म्हणून.

याच फाजचं पॉलिमरेज पुढे डीएनएच्या कणभर नमुन्यातून भरपूर प्रती काढायला जगभर वापरलं गेलं. त्याच्या पेटंटनं त्यांच्या संस्थेला भरघोस उत्पन्न दिलं. २०१९ साली सालास गेल्या, वयाच्या ८०व्या वर्षी.

हे आज लिहायचं कारण? एमएस्सीनंतर मलाही एका सरांनी असाच 'सोपा' विषय सुचवला होता. "लग्न झाल्यावर सोडलास तरी चालेल." मी सोडला. दोष सगळा त्यांचा नाही, मी भांडलेही नाही.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, अवघड विषय घेऊ का गं?"

घे म्हटलं. पहिला टाका घालून द्यायला मी आहे.