सक्तीचा सैनिक, स्वेच्छेचा सैनिक : १९४६चे जबलपूर आणि स्मृतिलेखनाचा प्रश्न

सक्तीच्या भरतीतून परदेशी गेलेल्या आणि युद्ध न लढता परतलेल्या सैनिकाच्या आठवणी हा इंग्रजी गद्याचा एक सुस्थिर प्रकार आहे. ब्रिटनमध्ये १९३९ साली पुन्हा लागू झालेली लष्करी सक्ती युद्धानंतरही टिकली. १९४७चा राष्ट्रीय सेवा कायदा १९४९पासून अमलात आला आणि या व्यवस्थेतला शेवटचा सैनिक १९६३ साली घरी गेला. लेस्ली थॉमस यांची सिंगापूर-मलायाची पार्श्वभूमी असलेली १९६६ची कादंबरी याच अनुभवातून आली. या लेखनाचा नायक पराक्रमी नसतो. उकाडा, कवायत, कंटाळा, घरून येणारी पत्रे आणि सुटकेपर्यंत मोजले जाणारे दिवस हेच त्याचे द्रव्य असते.

मराठीत या प्रकाराला समांतर असे लेखन नाही, आणि त्याचे वरवरचे कारण उघड आहे : हिंदी सैन्यात सक्तीची भरती नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुमारे पंचवीस लाखांवर गेलेले हे सैन्य जगातील सर्वांत मोठे स्वेच्छादल म्हणून गौरविले गेले. वसाहतीच्या भूमीवर सक्ती आली, ती केवळ गोऱ्यांवर. १९१७चा हिंदी संरक्षण दल कायदा युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांनाच सक्तीने सेवेत घेत होता. हिंदी माणसाला सक्ती करण्याइतका विश्वास राज्यकर्त्यांना त्याच्याविषयी नव्हता, असेही यावरून म्हणता येईल. परंतु ‘स्वेच्छा’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. कोरडवाहू जमीन, सावकाराचे देणे आणि दरमहा हाती पडणारा पगार यांमधून जी निवड होते तिला कायद्याची सक्ती म्हणता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. सक्ती व स्वेच्छा या दोन संज्ञांवर वाङ्मयप्रकाराचा भेद उभारणे म्हणूनच अपुरे ठरते. हा भेद एकाच छावणीत, एकाच काळात तपासून पाहण्याची संधी जबलपूर देते.

जबलपूर मराठी वाचकाला परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८१७च्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती गेला, आणि पुढे १९५६पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच तो भाग राहिला. १९०४मध्ये स्थापन झालेल्या तोफगाडा कारखान्याने आणि सिग्नल दलाच्या प्रशिक्षण केंद्राने या गावाला लष्करी वळण दिले. गावातील तिलकभूमी तलैया हे सभास्थान लोकमान्यांचे नाव धारण करते, तर १९३९चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन येथून जवळच भरले होते. छावणी आणि शहर यांमध्ये रेषा आखलेली होती. पण ती वृत्तपत्रांना अडवू शकत नव्हती.

१९४६च्या आरंभी छावण्यांतून दोन प्रकारची प्रतीक्षा चालू होती. गोरा सक्तीचा सैनिक घरी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत होता. वय आणि सेवाकाल यांवरून ठरणारा त्याचा सुटकेचा गट केव्हा येणार, हीच त्याची एकमेव चिंता. त्या जानेवारीत कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावरील ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी संथ सुटकेच्या निषेधार्थ काम थांबविले व ही लाट अन्य तळांवरही पसरली. मोजक्या जणांवर लष्करी न्यायालयात खटले चालले. बाकी प्रकरणे बव्हंशी समजुतीने मिटविली गेली. हिंदी सैनिकाची प्रतीक्षा उलट्या दिशेची होती. सुटका म्हणजे त्याच्या दृष्टीने बेकारी. त्यात पगारातील तफावत, निकृष्ट जेवण, अधिकाऱ्यांची शिवराळ भाषा आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले यांची भर पडली.

१८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात संप सुरू झाला. २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील जवान कामावर न जाता बाहेर पडले, आणि काँग्रेस व लीग या दोहोंचे झेंडे घेऊन शहरात शिरले. पुढील काही दिवसांत सामील झालेल्यांची संख्या सतराशेच्या आसपास गेली. दोन्ही ठिकाणी उठाव संदेशवहनाच्या शाळेतून झाला, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. तारायंत्रावर बसणारा जवान लिहिता-वाचता असतो, आणि दुसऱ्याचा निरोप पोहोचविता पोहोचविता तो वाचतही असतो. शहरातील राजकीय नेत्यांनी त्यांना शांततेने परतण्याचाच सल्ला दिला. पुढे ब्रिटिश सैनिक बोलावले गेले, संगिनींचा वापर झाला, अनेकजण जखमी झाले. चौकशीअंती कित्येकांना निवृत्तिवेतनाविना काढले गेले, तर काहींना कारावास झाला. कराचीच्या निकालाशेजारी हा निकाल ठेवला की ‘सक्तीचा’ आणि ‘स्वेच्छेचा’ या विशेषणांचे खरे वजन कळते. ज्याला पकडून आणले होते त्याला नागरिक म्हणून तक्रारीचा हक्क होता; जो आपण होऊन आला होता त्याला तो नव्हता.

आता लेखनाचा प्रश्न. १९४० साली सक्तीने भरती झालेले पॉल स्कॉट १९४३मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९४६ साली परतले. त्या तीन वर्षांतून १९६६ ते १९७५ या काळात चार कादंबऱ्यांचे महाकथन उभे राहिले. ब्रायन ऑल्डिस यांनी हिंदुस्थान-ब्रह्मदेशातील शिपाईगिरी १९७१च्या कादंबरीत निःसंकोच विनोदाने मांडली. या लेखनात कपडे धुणारा, चहा आणणारा, पंखा दुरुस्त करणारा माणूस दिसतो. शेजारच्या बराकीतील सिग्नलर मात्र क्वचितच दिसतो. स्कॉट हे अपवादाजवळ जातात, कारण त्यांना कंटाळ्यापेक्षा अपराधभावाचे आकर्षण अधिक होते.

जबलपूरच्या जवानांची हकीकत ग्रंथरूपाने मुख्यतः सैन्यातीलच एका अभ्यासकाकडून आली : मेजर जनरल व्ही. के. सिंह यांनी २००९ साली स्वातंत्र्यलढ्यातील सशस्त्र दलांच्या वाट्याविषयी लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथातून. ती कागदपत्रांच्या आधारे सांगितलेली आहे, म्हणून ती विश्वसनीय आहे. आणि त्याच कारणाने तीत बराकीचा वास नाही. मराठी साहित्यात सैनिकी आठवण आली ती बहुधा अधिकाऱ्याच्या लेखणीतून. कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात १९५३-५४मध्ये कोरियातील युद्धबंद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या हिंदी दलाचे प्रमुख होते, आणि शांतताकाळातील परदेशी सेवेचा तो अनुभव त्यांच्या आत्मकथनात आला. तेथेही बोलतो तो सेनानी. तंबूबाहेर पहारा देणारा जवान नव्हे.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण मुंबईच्या गेटवेवरून जहाजावर चढली. तिला निरोप देण्यास हिंदी सैन्याची मानवंदना उभी होती. जबलपूरच्या उठावाला त्या वेळी दोन वर्षे आणि एक दिवस झाला होता, आणि काढून टाकलेले सिग्नलर आपापल्या गावी कधीच पोहोचले होते.