सतरा वर्षांचं हिरवं दुकान

आजची गोष्ट दुकानांची आहे, आणि ती सुरू होते आमच्या घरातूनच.

माझ्या काकांचं गावाकडे कापडाचं दुकान आहे. कौलारू छप्पर, त्यात चार काचेची कौलं, भिंतीला सागवानी कपाटं. साडी घ्यायला आलेली बाई पदर हातात धरून दारापर्यंत जाणारच. "जरा उजेडात रंग बघू द्या." गेल्या महिन्यात काकांनी दुकान नवं करायचं ठरवलं आणि प्लॅन माझ्यावर सोपवला. मी घरातला एकमेव इंजिनिअर. सॉफ्टवेअरचा असलो म्हणून काय झालं! लगेच एक्सेल शीट काढलं. फॉल्स सीलिंग, एलईडी, इन्व्हर्टर एसी, जुनी कपाटं बाहेर. वीज किती वाचेल याचा आकडाही टाकला. काकांनी शीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अरे, यात ही कपाटं कुठं धरलीस?"

उत्तर नव्हतं. म्हणून वाचायला बसलो.

तर बघा, विजेचे दिवे यायच्या आधी मोठी दुकानंसुद्धा सूर्यावरच चालायची. पॅरिसच्या 'ल बाँ मार्शे' या दुकानाची इमारत १८७० च्या दशकात वाढली, तेव्हा लोखंड आणि काचेच्या छतातून उजेड थेट आतल्या मजल्यांवर यायचा. पुढे हे चित्र पालटलं. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हडसन्स या दुकानात कॅरिअर कंपनीची थंड हवेची यंत्रं बसली. १९३८ मध्ये ट्यूबलाइट बाजारात आली. आता खिडकीची गरजच उरली नाही. उलट खिडकी म्हणजे माल मांडायची वाया गेलेली भिंत! दुकान म्हणजे बंद खोका झालं. मॉलमधून बाहेर आल्यावर "अरे, अंधार पडला?" असं आपल्याला होतं ना, त्याचं मूळ इथं आहे.

मग १९९३ मध्ये वॉलमार्टने कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एक प्रयोग केला. पर्यावरणाचा विचार करून बांधलेलं दुकान. छतात उजेडासाठी काचा बसवायच्या होत्या, पण खर्च वाचवायला त्या अर्ध्याच भागात बसवल्या. म्हणजे नकळत ए-बी टेस्टच झाली की! आणि निकाल काय? उजेडातल्या विभागांची विक्री बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त. आमच्या दुकानात दाराशी जाणाऱ्या बायकांना हे कधीचंच माहीत होतं.

आता लंडनला जाऊ. १९९९ मध्ये ग्रीनिच भागात सेन्सबरीज या कंपनीने एक सुपरमार्केट उघडलं. वास्तुरचना चेटवुड्स या फर्मची, मुख्य आर्किटेक्ट पॉल हिंकिन. छताला उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा, त्यामुळे ऊन नाही पण उजेड भरपूर. बाजूच्या भिंतींना मातीचे उतार लावलेले, म्हणजे आतलं तापमान फार वरखाली होत नाही. नेहमीच्या दुकानाच्या निम्म्या ऊर्जेत हे चालावं, असं उद्दिष्ट होतं. २००० साली ते ब्रिटनमधल्या मानाच्या स्टर्लिंग पुरस्काराच्या अंतिम यादीत आलं. विचार करा, एक किराणा दुकान!

आणि २०१६ मध्ये ते पाडलं. सतरा वर्षांत.

कारण साधं होतं. कंपनीला मोठी जागा हवी होती, म्हणून ती जवळच नव्या दुकानात गेली. जुन्या जागी आयकियाला स्वतःचं दुकान बांधायचं होतं. इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळावं यासाठी प्रयत्न झाले. हिंकिन यांनी स्वतः पाडण्याला विरोध केला. पण संरक्षण मिळालं नाही. २०१९ मध्ये तिथं आयकिया उघडलं, आणि तेही हिरवं दुकान म्हणूनच! छतावर सौर पॅनेल, पावसाचं पाणी साठवायची सोय, सगळं आहे.

इथं मला माझं शीट आठवलं. आपण महिन्याचं बिल मोजतो. पण सिमेंट, पोलाद, काच बनवताना जो कार्बन एकदाच आणि आधीच हवेत गेलेला असतो, तो बिलात कधी दिसत नाही. इमारत शंभर वर्षं टिकली तर तो शंभर वर्षांत वाटला जातो. सतरा वर्षांत पाडली, तर पुन्हा पहिल्यापासून हिशेब. आमच्या धंद्यातही चालू कोड फेकून सगळं नव्याने लिहायची खुमखुमी असतेच. मलाही आहे.

गंमत म्हणजे लॉरेन्सच्या दुकानात याचा विचार झाला होता. पुढे दुकान बंद पडलं तर त्याच इमारतीत घरं करता यावीत, अशी ती आखली होती. काचा आणि पॅनेल सगळ्यांना दिसतात, हा मुद्दा मात्र कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

शेवटी मी शीट बदललं. फॉल्स सीलिंग काढून टाकलं, काचेची कौलं ठेवली, कपाटं पॉलिश करून तिथंच. एलईडी आहेतच, एसी एकच. बिल पहिल्या आकड्यापेक्षा थोडं जास्त येईल. काकांना दाखवलं तर म्हणाले, "ही कपाटं आजोबांनी केलीत, तुला सांगायचं राहिलं."

तुमच्या ओळखीचं असं एखादं जुनं दुकान असेल, तर आत शिरल्यावर एकदा वर बघा. उजेड कुठून येतोय? पुढच्या भागात भेटू!