‘रुग्ण समाधानी’ म्हणजे नक्की कधी?

जबडा सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला घेतलात, की १८४९ चे हलिहेन आणि १९५७ चे ओबवेगेसर लगेच भेटतात. हाड कुठे कापलं, कसं सरकवलं, सगळं सापडतं. आरशात पाहून रुग्णाला काय वाटलं, ते मात्र शोधावं लागतं. म्हणून मला असुमान कियाक यांचं १९८० च्या दशकातलं अमेरिकेतलं काम मोलाचं वाटतं. त्यांच्या गटाने रुग्णांना २४ महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. आधी वाढलेला आत्मसन्मान नवव्या महिन्यात घसरलेला दिसला! तोवर सूज उतरलेली असते, ओठ-हनुवटीचा बधिरपणा कधीकधी तसाच असतो. आणि (हा माझा अंदाज) विचारपूस करणारेही पांगलेले असतात. तेव्हा जुन्या अहवालात ‘रुग्ण समाधानी’ दिसलं, की आधी बघा: विचारलं कधी? आणि कुणी, सर्जननेच?