शिंगूचा झेब्रा आणि अडवलेले पाणी

ब्राझीलच्या पारा राज्यात आल्तामिरा शहराच्या खाली शिंगू नदी एक लांबलचक वळण घेते. त्याचे नावच व्होल्ता ग्रांदे, म्हणजे मोठे वळण. तिथल्या खडकांच्या फटींत राहणारा बोटभर लांबीचा, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे मिरवणारा मासा म्हणजे झेब्रा प्लेको. आपल्याकडे काच चाटणारा ‘सकर’ म्हणून विकला जातो त्याच घराण्यातला हा मासा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत घातलेला. जगात दुसऱ्या कुठल्याही नदीत तो निसर्गतः आढळत नाही. हौशी लोकांनी याला संपवत आणले, असे त्याच्या ऱ्हासाबद्दल सर्रास म्हटले जाते. माझ्या मते हा निकाल अर्धवट आहे, आणि त्याविरुद्धची साक्ष मासे पाळणाऱ्यांच्या टाकीतच सापडते.

बाजाराचा दोष नाकारता येत नाही. ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने १९८८ मध्ये अशा बिननावाच्या चिलखती माशांना ‘एल’ अक्षराचे क्रमांक द्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांना शास्त्रज्ञांची वाट पाहायला सवड नव्हती. झेब्राला ४६ आणि ९८ असे दोन क्रमांक मिळाले. इस्ब्रुकर आणि नायसेन या डच अभ्यासकांनी त्याला हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा हे शास्त्रीय नाव दिले ते १९९१ मध्ये. तोवर त्याची विक्री सुरूही झाली होती. कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून तळाशी उतरायचे आणि कपारीतून मासा हुसकून काढायचा, असा हा जोखमीचा धंदा. २००४ मध्ये ब्राझीलने त्याला संकटग्रस्त ठरवून पकडण्यावर बंदी घातली. मग मासे सीमेपलीकडे कोलंबियात चोरून जाऊ लागले आणि तिथून जगभर निघाले.

आता हा मासा पाळणारे काय करतात ते पाहा. पाणी २८ ते ३० अंशांवर ठेवायचे, पंपाने जोराचा प्रवाह आणि भरपूर हवा द्यायची, नराला अंग जेमतेम मावेल अशी पाटीच्या दगडाची किंवा मातीची अरुंद कपार द्यायची. शेवाळापेक्षा त्याला मांसाहार अधिक मानवतो. मादी एका वेळी दहा-पंधरा अंडी घालते आणि नर ती कपारीत राखत बसतो. ही सगळी निगा म्हणजे काचेत उभी केलेली शिंगूच आहे: ऊन पाणी, वेगवान धार, फटींनी भरलेला तळ. म्हणजे हा मासा कशावर जगतो, हे पाळणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. व्होल्ता ग्रांदेमधून नेमके तेच काढून घेण्यात आले. शिंगूवरील बेलो मोंते धरणाचे बांधकाम २०११ मध्ये सुरू झाले, २०१६ पासून वीज निघू लागली आणि २०१९ मध्ये ११,२३३ मेगावॉटचा प्रकल्प पुरा झाला. वळणाचे ८० टक्क्यांपर्यंत पाणी कालव्याने जनित्रांकडे वळवले जाऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, बंदी २००४ ची, धरण नंतरचे. मग पहिला गुन्हेगार बाजारच की. क्रम बरोबर आहे, पण दोन्ही इजा सारख्या नाहीत. माशांचा उपसा थांबला तर इतकी कमी अंडी घालणारा मासाही हळूहळू सावरू शकतो. धार आणि कपारच गेली, तर सावरायला जागा उरत नाही. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: जर्मनी, इंडोनेशियात या माशाची पैदास होते, मग चिंता कसली? टाकीतली वीण जातीचा वंश चालवते हे खरे, पण तिच्या आडून नदीतले मासे ‘घरची पैदास’ म्हणून खपवता येतात, आणि नदी काही टाकीतून परत मिळत नाही.

संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात ब्राझीलने हा मासा २०१७ मध्ये तिसऱ्या परिशिष्टात नोंदवला. २०२२ च्या पनामा परिषदेत तो दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि नदीतून पकडलेल्या माशांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य ठरला. तेव्हा कोणी हा मासा विकायला आणला, तर तो कुठे पैदा झाला ते विचारा आणि साइट्सचा कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वळणात किती पाणी सोडायचे, हे मात्र या कागदाच्या कक्षेत येत नाही.