कोकण रेल्वे: रुळांआधीचे काम

कोकण रेल्वे महामंडळाची कंपनी म्हणून नोंदणी 19 जुलै 1990 रोजी झाली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 15 सप्टेंबरला, रोह्यात पायाभरणी झाली. रोहा ते मंगळूर असा 760 किलोमीटरचा हा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी सलग सुरू झाला. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीजवळ पानवलचा 64 मीटर उंचीचा पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल अशी या मार्गाची ख्याती आहे. ही कामे कठीण होतीच. तरीही साडेसात वर्षांत ती पार पडली याचे मुख्य कारण 1990 आणि 1991 या दोन वर्षांत, रूळ टाकायला सुरुवात होण्यापूर्वी केलेल्या तयारीत सापडते. जिथे ही तयारी अपुरी राहिली तिथे मार्ग रखडला, हेही तितकेच खरे आहे.

किनाऱ्याने रेल्वे न्यावी ही मागणी फार जुनी होती. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाणारा माणूस दीर्घकाळ बोटीवर आणि नंतर एसटीवर अवलंबून राहिला. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै यांनी आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी लोकसभेत हा प्रश्न सातत्याने लावून धरला. उत्तरेकडून रूळ तुकड्यातुकड्याने पुढे सरकत होते. दिवा–पनवेल, पुढे आपटा आणि 1986 मध्ये रोहा. दक्षिणेकडून मंगळूर–मडगाव आणि मग मडगाव–रोहा अशी सर्वेक्षणे झाली आणि 1988 मध्ये दक्षिण रेल्वेने संपूर्ण मार्गाचा अहवाल दिला. म्हणजे मार्गाची आखणी कागदावर तयार होती. नव्हता तो पैसा.

पैशाची ही अडचण समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत. रेल्वेच्या अर्थसंकल्पात नव्या मार्गांसाठी जी रक्कम असे, ती देशभरातल्या अनेक कामांत वाटली जाई. प्रत्येक कामाला दरवर्षी थोडाथोडा निधी मिळे आणि काम वर्षानुवर्षे चाले. अर्धवट मार्गावरून गाडी धावत नाही, त्यामुळे उत्पन्न नाही. मात्र गुंतवलेल्या पैशाचा बोजा वाढत जातो. 760 किलोमीटरचा डोंगराळ मार्ग या रीतीने बांधायला घेतला असता तर तो एका पिढीत पुरा होण्याची शक्यता नव्हती.

डिसेंबर 1989 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. रेल्वेमंत्री झाले मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री झाले दंडवते. किनाऱ्याशी नाते असलेली दोन माणसे नेमक्या त्याच दोन खात्यांवर असणे हा योगायोग होता. पण त्या संधीचा उपयोग कसा करायचा याचा आराखडा रेल्वे बोर्डाचे अभियांत्रिकी सदस्य ई. श्रीधरन यांच्याकडे तयार होता. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीबाहेर एक स्वतंत्र कंपनी काढायची, तिचे भागभांडवल केंद्र आणि लाभार्थी राज्यांनी मिळून द्यायचे, उरलेली रक्कम बाजारातून रोख्यांनी उभारायची, मार्ग बांधून चालवायचा आणि कर्ज फिटल्यावर तो रेल्वेकडे सोपवायचा. भागभांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के ठरला, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी 6. केरळात या मार्गाचा एकही किलोमीटर नाही. पण तिथल्या प्रवाशांचेही मुंबईचे अंतर बरेच घटणार होते, म्हणून केरळही भागीदार झाला. ज्यांना फायदा होणार त्यांना सुरुवातीलाच पदरचे पैसे घालायला लावणे ही या आराखड्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. राज्ये भागीदार झाल्याने जमीन, वीज, रस्ते या प्रत्येक बाबतीत त्यांच्या यंत्रणेला या कामात स्वतःचे हित दिसू लागले.

श्रीधरन जून 1990 मध्ये निवृत्त झाले आणि लगेच नव्या महामंडळाचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. 1964 च्या चक्रीवादळात वाहून गेलेला पांबन पूल 46 दिवसांत पुन्हा उभा करणारा अभियंता म्हणून त्यांचे नाव रेल्वेत माहीत होते. मात्र कोकणात त्यांनी दाखवलेले कौशल्य पुलाच्या दुरुस्तीपेक्षा वेगळ्या जातीचे होते. इथे पहिले काम संघटना उभी करण्याचे होते. मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला ठेवले गेले, पण ते लहान ठेवले गेले. संपूर्ण मार्गाचे महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी असे सात विभाग पाडण्यात आले. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण शंभर किलोमीटर आले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला गेला. सातही विभागांत काम एकाच वेळी सुरू करायचे, एक टोक पुरे झाल्यावर दुसरे धरायचे नाही, हे तेव्हाच ठरले.

मुख्य अभियंत्याला निविदा, देयके, स्थानिक बदल या बाबतींत मोठे अधिकार मिळाले. रेल्वेच्या रूढ पद्धतीत साधा बदल मंजूर व्हायलाही फाइल अनेक टेबलांवरून फिरे. इथे निर्णय जागेवर होऊ लागले. अभियंते कुटुंबांसह रत्नागिरी, कुडाळ, कारवार अशा गावी राहायला गेले. रेल्वेतून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अनुभवी माणसांना नव्याने भरती झालेल्या तरुण अभियंत्यांची जोड देण्यात आली. कार्यालयांत उलटी मोजणी करणारी घड्याळे बसवली गेली, त्यांवर किती दिवस उरले ते दिसे. अशा घड्याळाने काम होत नाही हे उघड आहे. पण मुदत ही एकट्या वरिष्ठाची चिंता न राहता कारकुनापासून सर्वांना रोज दिसणारी गोष्ट झाली.

मार्गाची मापे ठरवणे हाही सुरुवातीचाच निर्णय आणि त्याचे परिणाम कायमचे. कमाल चढ 150 मीटरला 1 मीटर आणि वळणांची त्रिज्या किमान 1,250 मीटर ठेवायची, म्हणजे पुढे ताशी 160 किलोमीटर वेगाने गाडी जाऊ शकेल, असे ठरले. तुलनेसाठी बोर घाटाचा चढ पाहावा: तिथे तो 37 ला 1 आहे आणि आजही गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. कोकणात सह्याद्रीचे फाटे समुद्रापर्यंत आडवे पसरले आहेत आणि त्यांच्यामधून नद्या आणि खाड्या वाहतात. एवढा सौम्य चढ आणि एवढी मोठी वळणे हवी असतील तर डोंगराला वळसा घालता येत नाही, तो पोखरावाच लागतो. बोगदे आणि पुलांची प्रचंड संख्या या एका निर्णयातून आली. निर्णय महाग होता, पण योग्य होता. चढ आणि वळणे एकदा बांधली की पुन्हा दुरुस्त करता येत नाहीत. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी मात्र मार्ग एकेरीच ठेवण्यात आला.

जमिनीचे काम सर्वांत नाजूक होते. मार्गात सुमारे 42,000 खातेदारांच्या जमिनी येत होत्या. कोकणातले तुकडे लहान, सातबारावर भावकीतली दहा-बारा नावे, त्यांतले काही जण मुंबईत चाकरमानी, कुळकायद्याचे जुने वाद, आणि जमिनीपेक्षा तिच्यावरच्या आंबा, काजू, नारळाच्या कलमांची किंमत अधिक. हे काम केवळ महसूल खात्याच्या नोटिसांवर सोडले असते तर पहिल्या तालुक्यातच वर्षे गेली असती. महामंडळाची माणसे महसुली अधिकाऱ्यांबरोबर गावोगाव गेली, खातेदारांशी बोलली, मोबदला लवकर हातात पडेल याची व्यवस्था केली. लोकांचीही साथ मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची वाट पाहिलेल्या काही कुटुंबांनी वडिलोपार्जित जागा आपणहून दिली. जवळपास सगळी जमीन वर्षभरात ताब्यात आली. भारतातल्या रेखीय प्रकल्पांचा इतिहास पाहता हे यश कुठल्याही पुलापेक्षा कमी नाही. या बाबतीत एक देणे मात्र पुढे राहिले: जमीन गेलेल्या कुटुंबांना नोकरीत प्राधान्य मिळावे या मागणीवर प्रकल्पग्रस्तांची आंदोलने नंतर अनेक वर्षे चालू राहिली.

जमिनीपाठोपाठ कंत्राटदार आणि यंत्रे. एवढे बोगदे एकाच वेळी खणायचा सराव देशात कुणालाच नव्हता. सह्याद्रीचा कठीण बेसाल्ट जुन्या पद्धतीने छिद्रे पाडून फोडायला फार वेळ लागला असता, म्हणून स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रे आणण्यात आली. पानवलला पुलाचा तुळईभाग एका टोकाला टप्प्याटप्प्याने ओतून तो खांबांवरून पुढे ढकलण्याची रीत वापरण्यात आली. ती भारतात पहिल्यांदाच वापरली जात होती. या तयारीची फळे लवकर दिसली: मार्च 1993 मध्ये मंगळूर–उडुपी आणि जूनमध्ये रोहा–वीर हे तुकडे सुरू झाले, 1995 मध्ये गाडी खेडला पोचली आणि डिसेंबर 1996 मध्ये सावंतवाडीला.

आणि मग गोव्यात गाडी अडली. किंबहुना ती तिथे आधीपासून अडलेली होती. मार्ग गोव्याच्या किनारपट्टीतून, दाट वस्तीतून आणि खाजन जमिनींतून जात होता. खाजन म्हणजे बांध घालून आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, बसवून खारे पाणी रोखलेली, शेकडो वर्षे सांभाळलेली शेती. तिच्यात रेल्वेचा भराव आला तर पाण्याचा निचरा बिघडेल, ही भीती निराधार नव्हती. ओल्ड गोव्याच्या वारसावास्तूंचा प्रश्नही होता. मार्ग पूर्वेकडे आत न्यावा यासाठी मोठे आंदोलन उभे राहिले. 1993 मध्ये केंद्राने वादग्रस्त भागातले काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवली. शेवटी मूळ आखणीच बहुतांशी कायम राहिली, पण महिने गेले ते गेलेच. महाराष्ट्रात जे गावागावांत आधी बोलून झाले, ते गोव्यात आखणी पक्की झाल्यावर आयोगासमोर करावे लागले.

दुसरी उणीव जमिनीखालची होती. महामंडळाची सारी तयारी कठीण खडकासाठी होती. पण पेडणे, ओल्ड गोवा, होन्नावर अशा नऊ ठिकाणी बोगदे पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतून जात होते. तिथे स्वीडनची यंत्रे निरुपयोगी ठरली. खणलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळे, पाणी आणि चिखल आत घुसे आणि काम कित्येक फूट मागे जाई. या बोगद्यांना चार वर्षे लागली आणि त्यांत 19 कामगार गेले. संपूर्ण मार्गाच्या बांधकामात मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या 74 आहे. रत्नागिरी स्थानकाजवळचे श्रमशक्ती स्मारक त्यांच्यासाठी आहे. भूगर्भाच्या तपासणीवर आरंभी अधिक वेळ दिला असता तर यांतले किती टळले असते याचे निश्चित उत्तर देता येत नाही, पण प्रश्न विचारलाच पाहिजे. शेवटचा दुवा जोडला गेला तो पेडण्याचा बोगदा पुरा झाल्यावर, आणि 1 मे 1998 रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी रत्नागिरीत मार्गाचे लोकार्पण केले. मूळ अंदाज 1,000 कोटी रुपयांच्या घरातला होता. प्रत्यक्ष खर्च 3,500 कोटींच्या आसपास गेला आणि रोख्यांच्या व्याजाने महामंडळाचे कंबरडे पुढची अनेक वर्षे वाकलेले राहिले.

आरंभीच्या घाईची किंमत उताराच्या कापांतही दिसली. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि जून 2004 मध्ये करंजाडीजवळ दरडीमुळे झालेल्या अपघातांत अनेक प्रवासी दगावले. त्यानंतर काप रुंद करणे, उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली, आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणारे वेगळे वेळापत्रक लागू झाले. एकेरी मार्गाचा निर्णयही आज जाचतो. रोहा–वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला, बाकी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाड्या अजून थांबतात.

श्रीधरन 1997 च्या अखेरीस दिल्ली मेट्रोच्या प्रमुखपदी गेले. तिथेही केंद्र आणि राज्य यांची स्वतंत्र कंपनी, लहान मुख्यालय, जागेवर निर्णयाचा अधिकार आणि उलट्या मोजणीचे घड्याळ हीच चौकट त्यांनी उभी केली. दिल्ली मेट्रोचा पहिला मार्ग डिसेंबर 2002 मध्ये सुरू झाला आणि पहिला टप्पा ठरल्या मुदतीआधी पुरा झाला.