साखरेच्या गावाखालचं मीठ

शाळेत भूगोलाच्या पेपरात 'भौगोलिक कारणे द्या' हा प्रश्न हमखास असायचा. गोदावरी, कृष्णा पूर्वेला वाहतात, मग तापी पश्चिमेला का? आपण पाठ केलेलं उत्तर लिहायचो: तापी खचदरीतून वाहते. पण खचदरी होते कशी?

गुळाची चिक्की आठवा. गरम असताना ओढली तर ताणली जाते, गार झाली की कडकन तुटते. पृथ्वीचं कवचही तसंच, खाली गरम आणि मऊ, वर थंड आणि ठिसूळ. दोन्हीकडून ताण आला की खालचा भाग पातळ होतो, वरच्याला तिरक्या भेगा पडतात आणि समोरासमोरच्या दोन भेगांमधला पट्टा खाली घसरतो. तीच खचदरी.

मंगळावरही हे घडलं आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये मॅरिनर ९ यान तिथे पोहोचलं. धुळीचं वादळ निवळल्यावर सुमारे ४,००० किलोमीटर लांबीची दरी दिसली. शेजारच्या ज्वालामुखी प्रदेशाच्या फुगवट्यामुळे कवच ताणलं गेलं आणि तिची सुरुवात झाली. ती आजही उघडी आहे.

पृथ्वीवर मात्र दऱ्या बुजतात. तापीची गाळाने बुजली. जळगावची केळी त्याच गाळावर पिकतात. आपल्या पायाखालचीही अशीच बुजली. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून फाटू लागल्या, तेव्हा इथलं कवच ताणलं जाऊन खोलगट भाग तयार झाला. पुढे तिथे समुद्राचं पाणी शिरलं, आटत राहिलं आणि मिठाचे जाड थर साचले. त्यावर नद्यांनी काही किलोमीटर जाडीचा गाळ टाकला. दबलेल्या गाळापेक्षा मीठ हलकं, म्हणून ते घुमटासारखं वर सरकलं आणि त्या घुमटांभोवती तेल अडकलं. १० जानेवारी १९०१ रोजी ब्यूमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेलाचं कारंजं उडालं ते अशाच घुमटावर. १९२८ मध्ये शुगर लँडलाही तेल लागलं. साखरेच्या गावाखाली मीठ!

तेलाने ह्यूस्टन वाढलं आणि वाढत्या शहराची तहान विहिरींनी भागवली. भूजल उपसल्यावर चिकणमातीचे थर दबले. १९७९ पर्यंत या परिसराचा काही भाग १० फुटांपर्यंत खचला. बेटाउनची ब्राउनवुड वसाहत वारंवार पाण्याखाली जाऊ लागली आणि १९८३ च्या अलिशिया वादळानंतर ती कायमची सोडावी लागली. उपशाला लगाम घालायला हॅरिस-गॅल्व्हस्टनसाठी १९७५ मध्ये आणि आपल्या फोर्ट बेंडसाठी १९८९ मध्ये खास यंत्रणा उभी राहिली.

ती जुनी दरी भरायला निसर्गाला कोट्यवधी वर्षं लागली. दहा फूट जमीन खाली न्यायला माणसाला एक आयुष्यसुद्धा लागलं नाही. आज संध्याकाळी हिरवळीचे फवारे सुरू करताना एवढं आठवलं, तरी त्या दोन गुणांच्या प्रश्नाचं चीज झालं.